अण्णांच्या उपरण्याखाली

अनंत चतुर्दशीचा दिवस, सकाळची वेळ. रक्कम सात हजार रुपये, अक्षरी सात हजार फक्त. स्थळ खुलताबादच्या वरच्या अंगाची सांडूअण्णांची सीताफळाची बाग. हजर माणसं अशी: स्वतः सांडूअण्णा, त्यांची मुलगी अनुसया, शहागंजातले फळांचे व्यापारी रशीदचाचा, जालन्याकडून आलेला आणखी एक व्यापारी, आणि मी. मी म्हणजे रशीदचाचांकडे लिहिण्यामोजण्याचं काम करून कॉमर्सचं शेवटचं वर्ष शिकणारा मुलगा. चाचा मला मुनशी म्हणत. शहराला तेव्हा सगळे औरंगाबाद म्हणत.

एवढं लिहिलं की मला बरं वाटतं. पुढं जे सांगायचं आहे, ते अशा नोंदीत बसत नाही, म्हणून लेख लिहायला घेतला.

दसरा उलटला की शहागंजात सीताफळं उतरतात. आधी टेम्पो येतात, मग हातगाड्या, मग रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून बसलेल्या बायका. पाट्यांच्या तळाशी सीताफळाचाच पाला असतो. उन्हं चढली की त्या पाल्याला एक कडसर हिरवा वास सुटतो. फळाचा गोड वास नंतरचा, घरी पिकल्यावरचा, तो सगळ्यांनाच आवडतो. माझे पाय थांबतात ते पाल्याच्या वासानं. मी एरवी वांग्याचा भाव करतो, रिक्षाचा करतो, रद्दीवाल्याचा काटा रिकामा धरायला लावून तपासतो. सीताफळाचा भाव मात्र मी करत नाही. समोरची बाई सांगेल तेवढे पैसे देतो.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी सुनंदाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, हे ध्यानात आलं. "कोथिंबिरीच्या जुडीसाठी पाऊण तास वाद घालणारा माणूस इथं मुकाट पैसे काढतोय. काय भानगड आहे?" मी त्याच संध्याकाळी तिला सगळं सांगून टाकलं. लपवण्यासारखं काही नव्हतं. तिनं ऐकून घेतलं, एक सीताफळ फोडलं आणि बिया वाटीत टाकत म्हणाली, "बरं झालं, आंब्याच्या बागेत नाही घडलं. परवडलं नसतं आपल्याला."

कॉलेजच्या त्या शेवटच्या वर्षी मी खुलताबादला पहिल्यांदा गेलो तो आषाढात. चाचा बाग फुलावर असतानाच बघून ठेवत, फळ धरल्यावर पुन्हा बघत, आणि भाद्रपदात सौदा करत. दौलताबादचा घाट चढताना त्यांची स्कूटर खोकायची आणि चाचा तिला बायकोला समजवावं तसं समजवायचे. मागं बसलेल्या मला धंद्याचे धडे मिळायचे. "आम रुकता, केला रुकता. सीताफल नै रुकता, मुनशी. आज पत्थर, कल हलवा, परसों कचरा."

बागेच्या तोंडाशी आम्ही उतरलो आणि एक गोटा सूं करत माझ्या कानाजवळून गेला. चाचा स्कूटरच्या आड दडले. झाडांमधून गोफण घेतलेली एक मुलगी बाहेर आली, आम्हाला नीट न्याहाळलं आणि अजिबात न ओशाळता म्हणाली, "वानरं वाटली."

ती अनुसया. खुलताबादच्या डोंगरात वानरांचा त्रास फार. फळ कोवळं असतानाच ती येतात, एक घास घेतात आणि टाकून देतात. आदल्या हिवाळ्यात सांडूअण्णांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून बाग हीच राखत होती. बाग अण्णांच्या वडिलांनी पोलीस ॲक्शननंतरच्या सालात बरड जमिनीत लावलेली. बांधाला खेटून तेरडा फुललेला. सीताफळाचं फूल बघितलं नसेल तर सांगतो, त्यात बघण्यासारखं काही नाही. जाड, हिरवट, खाली मान घातलेलं. पानाआडून शोधावं लागतं.

फळ धरल्यावर माझं काम सुरू झालं. झाडं मोजायची, दर ओळीतली काही झाडं निवडून त्यांची फळं मोजायची, आणि त्यावरून बागेचा अंदाज बांधायचा. व्यापाऱ्याचा माणूस नेहमी कमी मोजतो अशी अनुसयेची खात्री होती. म्हणून ती झाडाच्या पलीकडच्या अंगानं मोजत यायची. माझा आकडा आणि तिचा आकडा कधी जुळायचा नाही. तिचाच जास्त.

"तुमी पुढचीच मोजता," ती म्हणाली. "झाडाला मागची बाजू बी असती."

मग मीही मागची बाजू मोजायला लागलो, म्हणजे ती असेल त्या बाजूची. सीताफळाचा डोळा मला तिनंच दाखवला. फळावरच्या खवल्यांमधल्या रेघा पांढुरक्या होऊन रुंदावल्या की डोळा उघडला म्हणतात. त्याआधी फळ तोडलं तर ते पिकत नाही, काळं पडून दगड होतं, कितीही गवतात घाला. तिनं एक फळ माझ्यासमोर धरलं. "हे बघा. उघडलाय?" मी म्हणालो, उघडलाय. "नाय उघडला," ती म्हणाली, "तुमाला घाई झालीया."

माझं मन कधी गुंतलं याची तारीख मला सांगता येत नाही, पण खूण सांगता येते. माझ्या मोजणीत चुका व्हायला लागल्या. शाळेपासून माझ्या बेरजेत चूक निघाली नव्हती. एकदा एका झाडाशी मी बराच वेळ उभा राहिलो, तेव्हा पलीकडून आवाज आला, "हे झाड झालं."

"झालं का?"

"दोनदा झालं."

आणि मग पानांमागून हसू आलं. तसं हसू मी नंतर कुठं ऐकलं नाही. सुनंदा हसते ते वेगळं, आणि ते मला रोज ऐकायला मिळतं, हेही इथं नमूद करतो.

श्रावणात तिनं मला स्थळाचं सांगितलं. पिशोरचं घर, पाण्याखालची जमीन, अद्रक आणि ऊस, माणसं चांगली. "अण्णाच्या दवाखान्यात घरातलं व्हतं नव्हतं ते गेलं. बागेचे सात हजार आले तर मार्गशीर्षात लगीन. नाय आले तर पुढल्या साली बघू, म्हणलेत अण्णा."

"पिशोरचे लोक थांबतील वर्षभर?"

"थांबतील, नायतर दुसरीकडं बघतील."

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

तिनं सीताफळाचं एक पान तोडलं, चुरगळलं, हाताचा वास घेतला. "मला काय इचारता. बागेला इचारा, किती देती."

बाग किती देते ते मला ठाऊक होतं. माझी मोजणी आणि तिची मोजणी तोवर जुळायला लागली होती. वाहतूक, तोडणी, सडकं, वानरांचं आणि नशिबाचं वजा जाता बाग सात हजारांची होती. चाचांना मी तेच सांगितलं. वाटेत स्कूटर थांबवून ते म्हणाले, "तेरी गिनती सात बोलती तो सात तक जा. बीमार आदमी का माल दबा के लिया तो बरकत नै रहती."

आता सौद्याची रीत सांगायला हवी, कारण ती मागं पडत चालली आहे. दुसरे व्यापारी उभे असताना भाव तोंडानं बोलत नसत. विकणारा आणि घेणारा समोरासमोर बसत, उजवे हात जोडत, वरून कापड टाकत. शेकडा की हजार तेवढं मोठ्यानं बोलायचं. आकडा बोटांनी. समोरच्याची पाची बोटं धरली तर पाच. पाच धरून मग दोन धरली तर सात. मान्य नसेल तर मूठ मिटायची. कापडाखाली काय झालं ते दोघांखेरीज कुणाला कळत नाही.

अडचण अशी की सांडूअण्णांचा उजवा हात निर्जीव होता.

"डावा चालंल मला," जालन्याचा व्यापारी म्हणाला.

"मला नाय चालत," अण्णा म्हणाले. वाऱ्यानं त्यांचं तोंड थोडं ओढलं होतं, शब्द जड यायचे. "पितरपाटा तोंडावर आलाय. आजचा दिवस चांगला हाय, डाव्या हातानं कशाला बाटवता. पोरीनं बाग राखली, हात बी तीच दील."

जालनेवाला हसत बसला आणि लगेच उठला. त्यानं काय धरलं ते ठाऊक नाही, पण अनुसयेनं नुसती मान हलवली. तो लिंबाच्या सावलीत जाऊन उभा राहिला. आमचं फिसकटलं की पुन्हा यायचं, असा त्याचा बेत दिसत होता. म्हणजे भाव मोठ्यानं बोलायची सोय राहिली नाही.

"तौबा," चाचा दोन पावलं मागं सरले. "पराई बच्ची का हाथ मैं नै पकड़ता. मुनशी, तू बैठ."

मी बसलो. अण्णांनी डाव्या हातानं गळ्यातलं उपरणं काढून आमच्या हातांवर टाकलं. धुवून मऊ झालेलं पांढरं उपरणं, त्याला मालिशच्या तेलाचा वास. खाली तिचा हात. गोफणीच्या दोरीनं तळव्याला घट्टे पडलेले होते. कॉलेजात मी कधी कुणा मुलीच्या हातून वहीसुद्धा घेतली नव्हती.

"हजार," मी रीतीप्रमाणे मोठ्यानं म्हणालो.

तिनं माझी पाची बोटं धरली. पाच. मी पुढच्या दोनांची वाट पाहिली. ती दोन आली नाहीत.

मी वर पाहिलं. ती उपरण्याकडं बघत होती. सात हजार हवेत हे तिनंच मला सांगितलं होतं. बाग सातची आहे हे ती माझ्याआधीपासून जाणून होती. मोजणीत तिची चूक होत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? मग हे पाच चुकून आलेले नव्हते. पाचात लग्न होत नव्हतं. पाचात एक वर्ष होतं. मालकीण स्वतः पाच मागत होती आणि मी हो म्हणालो असतो तर चाचा काही बोलले नसते, कुणीच काही बोललं नसतं. मला आजवर अनेकांनी अनेक गोष्टी सांगितल्या, पण इतकं मोठं मला कुणी काही सांगितलेलं नाही.

मी तिची पाच बोटं धरली. आणि मग दोन.

तिची मूठ मिटली.

मी पुन्हा हात उघडून थांबलो. तिनं पुन्हा पाच धरली. मी पाच आणि दोन. पुन्हा मूठ.

"अनुसया, लई ताणू नको गं," अण्णा काळजीनं म्हणाले. "माणसं चांगली हायेत."

"मी नाय ताणत, अण्णा. हेच ताणतेत."

सगळे हसले. "देखो, बेटी पक्की है!" चाचा खूश होऊन म्हणाले. लिंबाखालून जालनेवाला बोललाच, "बाईमाणसाच्या हाती सौदा दिला का असंच व्हतं."

तिसऱ्यांदा तिनं पाच बोटं धरली ती सोडलीच नाहीत. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मी अण्णांकडं पाहिलं. त्यांचा उजवा हात मांडीवर ठेवलेला, कुणी विसरून गेलेल्या वस्तूसारखा. विहिरीतून भरलेली घागर ओढणाऱ्या माणसाकडं बघावं तसे ते लेकीकडं बघत होते. आता येईल वर, आता येईल.

मी हलकेच माझी बोटं सोडवून घेतली आणि तिची दोन बोटं धरली. फक्त दोन. मूठ मिटली नाही. तिनं ती दोन बोटं तशीच राहू दिली.

"झालं," ती म्हणाली.

अण्णांच्या कानाशी वाकून तिनं आकडा सांगितला. त्यांच्या चांगल्या डोळ्यातून पाणी आलं आणि रीतभात विसरून ते ओरडले, "सात! माझ्या पोरीनं सात काढले!" जालनेवाला डोक्यावरची टोपी सारखी करत निघून गेला. चाचांनी माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली, त्यांनी खिशातून इसाराचे एक हजार काढले. अनुसया उपरण्याची घडी घालत माझ्या बाजूनं गेली. जाताना एवढंच म्हणाली, "तुमाला हिशेब लई चांगला येतो."

हा हिशेब मी नंतर पुष्कळदा मांडून पाहिला. हिशेबाचाच माणूस आहे मी, नोकरीही त्याचीच केली. एक वर्ष मिळालं असतं. त्या वर्षात माझ्या दोन बहिणींची लग्नं झाली नसती, माझा पगार वाढला नसता, आणि आमच्या घरातून भिक्षुकी सुटून दोन पिढ्या झाल्या तरी सोवळं काही सुटलं नव्हतं. ही सगळी कारणं खरी आहेत. पण त्या घटकेला यातलं एकही माझ्या मनात नव्हतं. मनात एवढंच होतं की बाग सातची आहे, आणि समोरचा माणूस आपल्या हातानं सौदा करू शकत नाही. त्याचे दोन हजार ठेवून घेऊन मी त्याच्या लेकीसमोर वर्षभर बसलो असतो, तर झाडामागून तिनं आकडा सांगितला असता आणि मला तो खरा वाटला नसता. माझाही मला वाटला नसता. कोणत्याही बाजूनं मांडलं तरी उत्तर सातच येतं. इतक्या वर्षांत एकदाही वेगळं आलेलं नाही, आणि मी ते अभिमानानं सांगतो.

तरी पाय थांबतात. उत्तर बरोबर आलं म्हणून पाल्याचा वास काही कमी होत नाही. माणसं मला विचारतात, मिळालं नाही त्याचं दुःख किती दिवस करायचं? मी म्हणतो, हे दुःख नव्हे. एका मुलीनं मला एक वर्ष देऊ केलं होतं. ते मी घेतलं नाही, पण देऊ केलेलं खोटं होत नाही. दरसाल दसऱ्यानंतर ते मला परत एकदा देऊ केलं जातं, आणि मी परत एकदा दोन बोटं धरतो.

तोडणीचे दिवस दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत चालले. पहाटे धुकं, झाडाखाली ओला पाला, डोळा उघडलेली फळं अलगद पाटीत. आम्ही कामापुरतं बोलायचो. रोज निघायच्या वेळी बांधावरच्या दगडावर एक पिकलेलं फळ ठेवलेलं असायचं. कुणी ठेवलं ते ती कधी म्हणाली नाही. ते चाचांच्या मालातलं धरायचं की मालकाच्या घरवाट्यातलं, यावर मी पहिल्या दिवशी बराच विचार केला. घरवाट्यातलं धरलं आणि खाल्लं.

दोन वर्षांपूर्वी, याच दिवसांत, शहागंजात सुनंदा आणि मी एका हातगाडीशी उभे होतो. पलीकडून एक बाई फळं चाचपत होत्या. केस पिकलेले, चष्मा, हातात पिशवी. माझ्या हातातलं सीताफळ बघून त्या म्हणाल्या, "ते नका घेऊ. डोळा नाय उघडला."

मी ओळखलं. तिनंही ओळखलं. माझा चेहरा बघून सुनंदानंही ओळखलं. न ओळखणारे एकटे तिचे यजमान होते, पिशोरचे, मोकळ्या स्वभावाचे, डोळे दाखवायला शहरात आलेले. अनुसयेनं मला विचारलं, "रशीदचाचाकडं व्हता ना तुमी?" त्यांनी लगेच धागा पकडला.

"बागवानाकडं? मंग तुमाला ठावं असंल! हिनं लगनाच्या आधी बागवानाच्या मुनीमाकडून सात हजार काढले व्हते, उपरण्याखाली. मुनीम रडकुंडीला आला व्हता म्हणत्यात. आमच्याकडं अजून अद्रकीचा भाव हीच करती. व्यापारी वचकून असत्यात."

"तो मुनीमच कच्चा व्हता," अनुसया म्हणाली.

"अजून आहे," सुनंदा म्हणाली.

यजमान सगळ्यांत मोठ्यानं हसले. मग अनुसयेनं गाडीवाल्याशी भाव केला. आमच्यासाठीही केला. आयुष्यात पहिल्यांदा मला सीताफळं स्वस्त मिळाली. चौघांनी उभ्याउभ्या चहा घेतला आणि ते बसस्टँडकडं गेले. घरी येताना रिक्षात सुनंदानं सीताफळांची पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "हात अजून कणखर आहेत तिचे." आणि थोड्या वेळानं, "तू सात दिलेस ते बरं केलंस. पाचात घेतली असतीस, तर तुझ्या पदरात पडायला मी तरी कशाला आले असते?" रिक्षाचा भाव त्या दिवशी तिनं केला.

आता रकमेचं पूर्ण करतो. एक हजार इसार त्याच दिवशी, सांडूअण्णांच्या डाव्या हातात, कारण घ्यायला डावा चालतो असं त्यांनी ठरवलं. चार हजार दसऱ्याला. उरलेले दोन कार्तिकात, तोडणी उरकल्यावर. ते द्यायला चाचांनी मला एकट्याला पाठवलं. एसटीनं गेलो. बाग रिकामी झाली होती, पानं पिवळी पडून गळायला लागली होती, वानरंसुद्धा दुसऱ्या डोंगरावर गेली होती. दारात मांडवासाठी आणलेले वासे टेकवून ठेवलेले होते.

अण्णा बाजेवर उन्हाला बसले होते. नोटा पुढं केल्या तर म्हणाले, "पोरीजवळ द्या. तिनं काढलेत, तिचेच हायेत."

ती दारात आली. हात ओले होते, पदराला पुसले. मी पैसे दिले आणि नेहमीप्रमाणे म्हणालो, "मोजून घ्या."

"कशाला?" ती म्हणाली. "तुमच्याकडून कमी थोडंच यायचं."

एकूण सात हजार रुपये, पोचले. त्यातले शेवटचे दोन अनुसयेच्या हातात. तिनं ते मोजले नाहीत.